शंभरातली सहा पॅकेटं

लोणावळ्यात पावसाळ्यात काहीही बिघडलं की दोष पावसाचा. साड्यांना बुरशी लागू नये म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवायचा आणि तरी लागली की पाऊस. पापड मऊ पडले, पाऊस. इंटरनेट गेलं, अर्थातच पाऊस. पुढे कुणी चौकशी करत नाही. गावाच्या या सवयीचा मी फायदा घेतला, आणि तोही माझ्याच मुलीवर. चार वर्षं झाली त्याला. आज लिहितोय ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. संताप होतोय म्हणून लिहितोय, आणि तो माझाच आहे.

मी तळेगावजवळच्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. कुठल्या कॉम्प्युटरला काय दिसावं, कुणाला काय उघडता येऊ नये, हे ठरवायचं माझं काम. कामगार, साहेब लोक, सगळे मला शांत माणूस म्हणतात. नातेवाइकांत मी 'गरीब'. म्हणजे स्वभावानं. सासरे तर लग्नानंतर वर्षभर सगळ्यांना सांगत होते, "जावयाचा आवाज म्हणून ऐकू येत नाही." केवढं कौतुक! शांत माणूस आत बसून काय करतो, हे एकदा तरी कुणी उघडून बघायला हवं होतं.

मुलगी तेव्हा अकरावीत होती. मोबाइलवर एक गोळीबाराचा खेळ खेळायची. चार मुलींची टीम होती: आमची, नाशिकची एक, साताऱ्याकडची एक, आणि चौथी तळेगावची, ती कॅप्टन. एका मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेऱ्या शनिवार-रविवारी असायच्या. आणि शनिवार-रविवारी आमच्याकडे मोबाइलचं नेटवर्क मेलेलं असतं. भुशी धरणाकडे जाणारे हजारो लोक एकाच वेळी आपापले ओले फोटो पाठवत असतात, त्यात गावातल्या माणसाचा फोनसुद्धा लागत नाही. त्यामुळे पोरीला घरच्या वायफायशिवाय पर्याय नव्हता. आणि घरचं वायफाय माझ्या हातात.

ती खेळायची तेव्हा दार बंद असायचं, तरी आवाज यायचा. "डावीकडं ये गं! थांब, थांब, मी घेते त्याला! अगं मूर्ख, पाठ सांभाळ!" मग चौघींचं खदाखदा हसणं. जेवायला बाहेर आली की मात्र "भात वाढ" आणि "झालं माझं", एवढंच. तो आतला आवाज मला सहन झाला नाही. अभ्यास, डोळे, वाया जाणं ही कारणं मी नंतर गोळा केली. खरं कारण हे, की माझ्या घरात कुणीतरी मोठ्यानं हुकूम सोडत होतं, हसत होतं, आणि ते माझ्याशी नव्हतं.

दुसरा बाप ओरडला असता, फोन काढून घेतला असता. भांडण झालं असतं, पोरगी रडली असती, आठ दिवसांत मिटलं असतं. पण भांडायला बोलावं लागतं. मी बोललो नाही. रजेच्या दिवशी घरी कुणी नसताना राउटर उघडला आणि एक नियम लिहिला.

खेळातली प्रत्येक हालचाल माहितीच्या छोट्या छोट्या पॅकेटांतून बाहेर जाते. तिच्या फोनवरून निघणाऱ्या दर शंभर पॅकेटांतली सहा वाटेत टाकून द्यायची, एवढाच तो नियम. सहा हा आकडा मी विचार करून ठरवला होता. पंधरा केली असती तर तिच्या स्क्रीनवर लाल खूण आली असती, तिला कळलं असतं. सहात फक्त मधूनच एखादी गोळी लागत नाही. नेम बरोबर असतो, बोट वेळेवर पडलेलं असतं, आणि गोळी लागत नाही. नियमाला नाव द्यावं लागतं. मी 'पाऊस' असं दिलं. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं, हेही लिहून ठेवतो.

पोरगी हरायला लागली. फोन घेऊन खिडकीशी जाऊन बसायची, राउटरजवळ जमिनीवर बसायची. बायकोनं शेवटी इंटरनेटच्या लाईनवाल्याला बोलावलं. परंदवडीचा माणूस, माझ्याच वयाचा. शिडी घेऊन भर पावसात खांबावर चढला, जोडणीची डबी बदलली, घरापर्यंतची वायर बदलली. भिजून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, लाईन झकास हाय. तुमचा टीव्ही बगा की, कसा पळतोय. लोच्या आसंल तर आतच हाय."

"आतच हाय म्हणजे? दर वेळी तुमचं हेच! नीट जमत नसेल तर तसं सांगा, दुसऱ्याची लाईन घेते मी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "सायेब, तुमी तर यातलेच. एकदा तुमचा राउटर बगू का?"

"राउटर माझा आहे," मी म्हणालो. "तो मी बघतो."

तो गेला. पुढच्या दोन महिन्यांत तो आणखी तीनदा आला, तीनदा भिजला, तीनदा बायकोची बोलणी खाऊन गेला. मी आत चहा पीत होतो.

आणि यात मला सगळ्यात जास्त जाळतं ते हे. त्यानं लाईन चांगली आहे हे दाखवून दिलं, स्पीडचा आकडाही चांगला यायचा. मग पोरीला स्वतःशिवाय दोष द्यायला काय उरलं? टीमनं दुसरी मुलगी घेतली, हिला राखीव बसवलं. आठवड्यानं तिनं खेळ फोनमधून काढून टाकला. मला म्हणाली, "नेट नव्हतंच खराब, बाबा. माझी बोटंच स्लो आहेत." मी "असू दे" म्हणालो. असू दे! दुसऱ्या दिवशी नियम बंद केला. खोडला मात्र नाही.

आता ती पुण्याला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या टीमनं एक रोबो बनवलाय, स्पर्धेत उतरवायला. त्याची निम्म्याहून अधिक जोडणी हिची. गेल्या रविवारी घरी आली होती, दुपारी जेवताना सांगत होती. रिमोट घेऊन तो मैदानात कुणी चालवायचा, त्याचं नाव सोमवारी द्यायचं होतं.

तिची आई म्हणाली, "तूच चालव की. तूच बनवलायस."

"सगळे तेच म्हणतायत. मी नाही म्हणणार आहे. माझी बोटं स्लो आहेत गं, ते अकरावीतच सिद्ध झालंय." आणि हसली. त्या हसण्यात तक्रारसुद्धा नव्हती. डोळ्यांचा रंग सांगावा तसं सांगितलं तिनं.

"तुझी बोटं स्लो नाहीत," मी म्हणालो.

"बाबा, प्लीज. धीर नका देऊ."

"धीर देत नाही. ते मी केलं होतं. राउटरमधून. शंभरातली सहा पॅकेटं टाकून देत होतो."

तिला समजावून सांगायची गरज नव्हती, तिचा तोच अभ्यास आहे. तिनं घास खाली ठेवला.

"जाणारी की येणारी?"

"जाणारी."

"फक्त माझ्या फोनची?"

"हो."

"बंद कधी केलं?"

"तू खेळणं सोडलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे काम झाल्यावर," ती म्हणाली. "का पण?"

अभ्यास हा शब्द जिभेवर आला होता. गिळला. "तू आतून ओरडायचीस, हसायचीस. मला बघवलं नाही," म्हणालो. एवढं बोलायला मला चार वर्षं लागली, आणि बोलल्यावर ते इतकं क्षुद्र वाटलं की मलाच ऐकवेना.

बायकोला पॅकेटं कळली नाहीत, पण बाकीचं बरोबर कळलं. "त्या माणसाला मी दारात उभं करून काय काय बोलले! आणि तुम्ही आत बसून ऐकत होतात?" ती ताटावरून उठली. पोरगी उठली नाही. तिनं खरकट्या हातानंच फोन लावला, कॅप्टनला. स्पीकर चालू करून माझ्यापुढे सरकवला. "सांगा तिला. मला सांगितलंत तसंच."

मी सांगितलं. पलीकडून ती म्हणाली, "काका, ग्रुपवर सगळ्यांसमोर मी हिला 'आमच्यावरचं ओझं' म्हणाले होते. माहितीय तुम्हाला? चार वर्षं आम्ही धड बोललो नाही." आणि फोन ठेवला.

पोरीनं राउटरचा पासवर्ड मागितला. आत शिरून तो नियम वाचला, नावासकट. खोडला. मग पासवर्ड बदलला आणि बॅग भरली. रिक्षा येईपर्यंत दारात उभी होती. "उद्या मी नाव देईन, नाहीतर नाही देणार. ते आईला सांगेन. तुम्हाला कळणार नाही." मी स्टेशनपर्यंत येतो म्हणालो, तर म्हणाली, "गरज नाही."

सोमवारी काम सुटल्यावर मी वाट वाकडी करून परंदवडीला लाईनवाल्याच्या घरी गेलो. अंगणात वायरचं भेंडोळं सोडवत बसला होता. सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यानं मान वर केली नाही. "मला तवाच ठावं व्हतं, सायेब. डबीपोतर समदं नीट, टीव्ही नीट, आन् एकट्या पोरीचाच फोन अडकतोय. पर घरातली गोष्ट. आमी भायेरच्यांनी कशाला तोंड घालायचं?" मग म्हणाला, "वैनीस्नी मात्र सांगा. लय लागंल आसं बोलल्या हुत्या त्या." मला त्याचाही राग आला. एक शब्द बोलला असता तर! पण कुठल्या तोंडानं म्हणणार? चहा घ्या म्हणाला, मी थांबलो नाही.

आज गुरुवार. नाव देऊन झालं असेल किंवा नसेल. बायकोला माहीत आहे. काल संध्याकाळी ती गवार निवडत बसली होती, तेव्हा विचारलं.

"तिनं सांगायचं नाही म्हटलंय."

"मी बाप आहे तिचा."

"म्हणूनच."

"अगं, निदान हो की नाही, एवढं तरी!" मी ओरडलो. शेजारच्यांच्या खिडकीत कुणीतरी आलं. या घरात मी इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच बोललो असेन.

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि पुढची शेंग मोडली.