उलट्या काठाचे मोजे

आभार मानण्याच्या बाबतीत इतका कंजूष माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि तो राहायला आला कुठे, तर जपानात. इथे बसमधून उतरणारा ड्रायव्हरचे आभार मानतो, ड्रायव्हर उतरणाऱ्याचे मानतो आणि दुकानात नुसती पाण्याची बाटली घेतली तरी विकणारा कमरेत वाकतो. अशा क्योतोत आमचे दादा अकरा वर्षं राहिले आणि तेवढ्या काळात त्यांच्या तोंडून 'आरिगातो' निघाल्याचं कुणी ऐकलं नाही. ते उद्धट होते असं नव्हे. "आपल्या माणसाला कसलं गं थँक्यू? परकं करायचंय का त्याला?" असं उलट मलाच विचारायचे. अडचण एवढीच, की दादांना सगळेच आपले वाटत, बसचा ड्रायव्हरसुद्धा.

दादा आमच्या लॅबमधले सगळ्यात जुने संशोधक. मूळचे मिरजेचे, वय पन्नाशीचं, लग्नाच्या भानगडीत पडलेले नाहीत, विषय स्फटिकांची रचना आणि सायकलच्या टोपलीत कायम लोकरीचे गुंडे. मी पीएचडीसाठी इथे आले त्या पहिल्याच संध्याकाळी ते माझ्या दारात वरणभाताचा डबा घेऊन उभे होते. मी थँक्यू म्हटलं, तर डब्यात केस निघाल्याची तक्रार केल्यासारखा चेहरा केला. "गरम आहे का? मग झालं तर," म्हणाले आणि गेले.

आता असा माणूस उपकार फेडणार कसा? दादा मोजे विणायचे, आणि तेही साधेसुधे नव्हेत. आमचे सेन्सेई, म्हणजे लॅबचे प्राध्यापक, तरुणपणी स्कॉटलंडला शिकायला गेले आणि येताना बॅगपाइपचं वेड घेऊन आले. घरात वाजवलं तर शेजारी तक्रार करतात, म्हणून दर रविवारी सकाळी ते आणि त्यांचे चार मित्र कामो नदीच्या काठावर चौकटीचे किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे स्कॉटिश घागरे, नेसून फुंकत उभे राहत. किल्टखाली गुडघ्यापर्यंत जाड लोकरीचे मोजे लागतात आणि त्यांचा नक्षीचा काठ खाली दुमडून मिरवायचा असतो. सगळी ऐट त्या काठात; पैठणीच्या पदराचंच काम ते. दादांची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. दर मार्चमध्ये सेन्सेई कचेऱ्यांतून फिरून त्यांना एक वर्ष वाढवून आणत, आणि एप्रिलमध्ये सेन्सेईंच्या टेबलावर, चिठ्ठी नाही की चपाटी नाही, नवे मोजे येऊन पडत. पुढच्या रविवारी ते पायात दिसले, की व्यवहार पूर्ण.

विणकामापुढे दादांना जगाची पर्वा नसे. सेमिनारमध्ये ते मोज्याची टाच वळवत असले, की कुणी प्रश्न विचारायचा नाही असा लॅबचा अलिखित नियम होता. टाके मोजता मोजता त्यांचा उतरायचा स्टॉप इतक्यांदा गेला, की शेवटी त्यांनी बस सोडून सायकल घेतली. एकदा बाहेरून आलेल्या एका थोर पाहुण्याला भाषणाआधी पँट वर करायला लावून त्यांनी पोटरीचं माप घेतलं, का तर ती सेन्सेईंच्या पोटरीएवढी वाटली. काठ दुमडला की मोज्याची आतली बाजू बाहेर येते, म्हणून आधी काठ विणायचा, मग सगळं विणकाम उलटं करून पुढचा पाय विणायचा, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं, की मी ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

गेल्या वसंतात सेन्सेई निवृत्त झाले. लेकीकडे होक्काइदोला कायमचे जाणार होते, आणि त्यांच्याबरोबर दादांचा करारही संपत होता. तसं पत्र आलं त्याच आठवड्यात दादांनी शेवटचे मोजे सुईवर घेतले. काठावर लक्ष्मीची पावलं घेतली. त्यांची आई गौरींच्या वेळी उंबऱ्यापासून आत काढायची तशी. सेन्सेईंच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दुपारी त्यांनी काठ दुमडून मला दाखवला, आणि बाहेर आलं ते धाग्यांचं जंजाळ. दादा विणकाम उलटं करायलाच विसरले होते. उसवून पुन्हा विणायला वेळ नव्हता.

"अकरा वर्षांचं एकच वाक्य बोलायचं होतं," ते म्हणाले, "तेही उलटं बोललो."

मी म्हटलं, नुसतं आरिगातो म्हणा की. तर म्हणाले, ते काय कुणीही म्हणतं. मोजे खणात टाकून ते घरी गेले. मी ते काढले, कागदात गुंडाळले आणि सेन्सेईंना नेऊन दिले. माझ्या मोडक्या जपानीत काय चुकलंय तेही सांगितलं.

रविवारी निरोपाला दादा आणि मी नदीवर गेलो होतो, तिथे सेन्सेई आले ते मोजे न दुमडता, सरळ गुडघ्यांवरून मांडीपर्यंत ओढून. त्यांच्या मित्रांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. एकाने तर बाजूला नेऊन त्यांना आपले उघडे गुडघे दाखवले. सेन्सेई नुसते हसले. पावलं सुबक दिसत होती, फक्त बोटं खाली, बुटांच्या दिशेला. त्यांनी दादांना विचारलं, हे काय आहे? दादा अडखळत म्हणाले, आमच्याकडे घरात कुणी येणार असलं की काढतात. सेन्सेईंनी वाकून आपल्याच पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "तादाइमा." जपानी माणूस बाहेरून स्वतःच्या घरात पाऊल टाकताना म्हणतो ते, आपलं 'मी आलो गं' असतं ना, तेच. दादा सरळ मराठीत "या, या" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

दादा आता मिरजेला असतात. माझा प्रबंध पूर्ण झाला तेव्हा तिकडून पार्सल आलं. आत मोजे होते, चिठ्ठी नाही की चपाटी नाही, आणि काठ या वेळी अगदी बरोबर. माझ्याकडे किल्ट नाही. मी ते जीन्सच्या आत घालते, गुडघ्यांवर ओढून, कारण क्योतोची थंडी गुडघ्यांतूनच शिरते. फोन लावला तेव्हा थँक्यू अगदी ओठांवर आलं होतं, पण ते गिळलं.

"दादा, मोजे गरम आहेत," मी म्हटलं.

पलीकडून ते म्हणाले, "मग झालं तर." आवाज भरून आला होता की रेंज जात होती, सांगता येत नाही, पण फोन ठेवल्यावर मला त्यांची फार आठवण आली.