लिंबू बांधलेलं विमान

आमच्या वडिलांचा आकाशावर पूर्ण विश्वास होता, पण त्यात ग्रहच तेवढे मावत. विमानाला जागा नव्हती. अमरावतीत आमच्या घरी पिढीजात भिक्षुकी. मला इंटरनंतर नागपूरला विज्ञान शिकायला जायचं होतं आणि त्यांना माझ्या हातात पंचांग द्यायचं होतं. कॉलेजातल्या एका विलायती मासिकात पाहून मी हवेत कोलांटी मारणारं छोटं विमान करायला घेतलं, तेव्हा त्यांनी सौदाच केला.

"कोलांटी मारली तर नागपूर. नाही मारली तर पळी-पंचपात्र घेऊन माझ्या मागं."

मी एका पायावर तयार झालो. अंगात मस्ती होती, दुसरं काय!

बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आईनं शिजवलेली खळ. इंजिन म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. त्यांना एरंडेल चोळायचं, नाकावरचा पंखा फिरवून पीळ भरायचा आणि सोडायचं. विमान नाक वर करून उठे आणि लगेच शेपटीवर बसकण मारी. जोर कमी पडतो असं समजून मी पीळ वाढवत गेलो. एकदा ट्यूब तुटून माझ्याच कानशिलात बसली. वडील ओसरीवर जप करत होते. त्यांचे ओठ थांबले नाहीत, पण खांदे गदगदा हलले.

ठरल्या दिवशी भातकुलीच्या आमच्या यजमानांनी बैलांची दमणी जुंपून आणली आणि आम्हाला आपल्या शेतात नेलं. ज्वारी निघून शेत मोकळं झालं होतं. मी पीळ भरला, तोच वडिलांनी हात आडवा घातला.

"नवीन यंत्र आहे. पूजेशिवाय काहून सुरू करतोस?"

त्यांनी पंखांवर कुंकवाची स्वस्तिकं काढली, अक्षता टाकल्या आणि दृष्ट लागू नये म्हणून नाकाखाली लिंबू बांधलं. मी एकेक कामटी तासून वजन वाचवलेलं! "बाबा, बुडवलंत मला," मी ओरडलो. डोळ्यांत पाणी आलं. रागारागानं विमान सोडून दिलं.

ते झकास चढलं, अख्खी कोलांटी मारली, हौसेनं आणखी एक मारली आणि तुरीच्या कडेला अलगद टेकलं. मी नाचलोच. शेपूट जड होतं, नाकाला वजन हवं होतं, हे तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं. तसं मी वडिलांना सांगितलंही.

"वजन बांधलं कोणी?" ते म्हणाले. "पूजेनं उडालं ते. असली विद्या घरात असताना नागपूर कशाला?"

यजमान तंबाखू मळत होते. ते म्हणाले, "महाराज, या दमणीले मी दर अमुशेले लिंबू बांधतो. बैलासकट आजलोक जमिनीवरच हाये. जाऊ द्या पोराले."

वडील पोट धरून हसले. मग कुंकवाची डबी बंद करता करता हळूच म्हणाले, "माझ्यामागं या गावांत पूजा सांगायला येईल कोण?"

मी जिंकलो होतो आणि मला फार वाईट वाटत होतं.

"शब्द दिलाय, जा," परतताना दमणीत ते म्हणाले. "पण निघायचा मुहूर्त मी काढीन."

त्यांनी काढलेला मुहूर्त कॉलेज उघडायच्या बरोबर आदल्या दिवसाचा निघाला. त्याआधीचे सगळे दिवस वाईट होते म्हणे. मी एका दिवसासाठीही वाद घातला नाही.