वाटीवरची बोटं

प्लँचेट धोक्याचं असतं का, असं शाळेतल्या मुली मला दरवर्षी विचारतात. मी विज्ञान शिकवते, तेव्हा बाई हसून सोडून देतील असं त्यांना वाटतं. मी हसत नाही. असतं, म्हणते. भुताखेताचा काही संबंध नाही, पण धोक्याचं असतं. मग मुली आणखी जवळ सरकतात आणि मी फळा पुसायला घेते, कारण पुढचं त्यांना सांगण्यासारखं नाही.

रत्नागिरीत मांडवीला आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. तोंडावर मी त्यांना काकू म्हणायचे आणि मनात ‘ती बाई’. इथेही ती बाईच म्हणणार आहे. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा दुबईला नोकरीला. दर गुरुवारी दुपारी, जेवणं-भांडी आटोपली की तिच्या पडवीत चार-पाच बायका जमायच्या. मुलाचा जुना कॅरम बोर्ड मधे ठेवायचा, त्यावर खडूने अक्षरं काढायची, दोन कोपऱ्यांत ‘हो’ आणि ‘नाही’ लिहायचं, बोरिक पावडर भुरभुरायची आणि स्टीलची वाटी पालथी घालायची. तिघींनी वाटीवर एकेक बोट टेकवायचं, उदबत्ती लावायची आणि हवा तो आत्मा बोलवायचा. काना-मात्रा आत्मे देत नसत, त्या बायकाच लावून घेत. हरवलेली बांगडी, मुलीचं स्थळ, सुनेचा स्वभाव, सगळ्यांची उत्तरं मिळायची आणि वर चहा.

अठ्ठ्याण्णव साली गणपतीच्या आधी आईच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, लगेच ऑपरेशन करा, अजून वेळ आहे. मी दिवस ठरवला, शाळेत रजा टाकली. आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी आई शेजारी गेली. माझे वडील बोटीवर नोकरीला होते, मी दहावीत असताना गेले. त्यांना बोलावलं, विचारलं, ऑपरेशन करू का? वाटी गेली ‘नाही’वर.

आई परत आली तेव्हा डोळे रडून लाल होते, पण चेहरा उजळला होता. “तुझे बाबा नको म्हणाले,” इतकंच म्हणाली आणि पीठ मळायला बसली. मी समजावलं, भांडले, पाया पडले, दोन दिवस अन्नाला शिवले नाही. काही उपयोग झाला नाही. जिवंतपणी बाबांचं एक ऐकेल तर शपथ, पण मेल्यावर त्यांचा शब्द तिला मोडवेना. झाडपाल्याचे लेप झाले, कुणाकुणाच्या पुड्या झाल्या. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा तिला ओवाळायला उभं राहता आलं नाही. मग ऑपरेशनला तयार झाली, तर डॉक्टरांनी मान हलवली. पुढचे गणपती तिने पाहिले नाहीत.

तेराव्याला ती बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, “देवाची मर्जी गो बाय.” हातातलं भांडं तिच्या तोंडावर फेकावं असं मला वाटलं. फेकलं नाही. भांडं लागून काय होतं, चार टाके पडतात आणि बरे होतात. माझी आई बरी झाली नव्हती. मला सूड हवा होता, आणि तो त्याच वाटीने हवा होता.

मी दर गुरुवारी शेजारी जाऊ लागले. ती बाई हरखली. “आलीस? बरा झाला गो. आवशीशी बोलायला मिळेल तुला.” मी डोळे खाली घालून बसायचे आणि फक्त बोटं बघायचे. दोन महिन्यांत मला सगळं कळलं. वाटी ढकलायची नसतेच. नुसता विचार केला तरी मनगट त्या बाजूला झुकतं, गुळगुळीत बोर्डावर वाटी केसभर हलते, आणि ती आपणहून निघाली असं वाटून बाकीच्या दोघी तिला साथ देतात. ढकलणारीला स्वतःलाही पत्ता लागत नाही. हे मी वर्गात शिकवलं असतं तर मुलींनी टाळ्या वाजवल्या असत्या. मी घरी दार लावून कॅरमवर सराव केला.

तोवर दोन हजार साल उजाडलं होतं. तिचा मुलगा तीन वर्षांनी मे महिन्यात सुट्टीवर यायचा होता. तिकीट झालं होतं, पडवीला रंग काढला होता, त्याच्यासाठी एक मुलगीसुद्धा बघून ठेवली होती. येईल त्याला ती तारीख सांगायची, मासेवालीलाही सोडलं नाही. मी थांबले होते ते याचसाठी.

त्या गुरुवारी वाटीवर माझं बोट होतं, तिचं होतं आणि कोपऱ्यावरच्या मावशींचं. आत्मा आला. कोण आहे, विचारल्यावर वाटी ‘आ’वर गेली, मग ‘ई’वर. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांत पाणी आणलं, ते मात्र खोटं नव्हतं.

“वहिनी, बऱ्या आहात ना?” त्या बाईने विचारलं. वाटी ‘नाही’वर गेली.

“रागावल्यात काय?” हो.

“कोणावर? माझ्यावर?” वाटी जागची हलली नाही. मी त्या बाईला मुद्दाम ताटकळत ठेवलं. मग हो.

पुढचा प्रश्न तिचा तिनेच विचारला, मला त्यात काही करावं लागलं नाही. “माझा झील सुखरूप येईल ना ओ, वहिनी?”

नाही.

चटका बसावा तसं तिने वाटीवरून बोट काढलं. अनवाणी उठली आणि नाक्यावरच्या एसटीडी बूथवर गेली. येऊ नको म्हणून मुलाला तिने फोनवर रडून रडून सांगितलं. तो चिडला, हसला, समजूत घातली, शेवटी तिकीट रद्द केलं. ती मुलगी दुसरीकडे दिली गेली. मला आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही, त्या दिवशी मी दोनदा भात वाढून घेतला. माझ्या आईला भीती घालून मारलंस ना, आता तूही भीतीत राहा, असं मी भिंतीकडे बघून म्हणत असे. पलीकडून तिचं रडणं ऐकू येई.

पावसाळ्यात तिने मला बोलावलं. ती निम्मी झाली होती. समोर एक शंभर पानी वही होती. प्रत्येक बैठकीत वाटी ज्या अक्षरांवर जाई ती ती त्यात उतरवून ठेवायची, हे मला ठाऊक नव्हतं.

“तुझी आवस माझ्यावर का रागावली, मला कळत नाय गो,” ती म्हणाली. “मीच त्यांना सांगितलं होतं, वाटीला विचारू नका, डॉक्टर सांगतो ते करा. नाय ऐकलनी. बघ, सगळं लिहिलंय.”

तिने पान काढून दिलं. वर तारीख, खाली बोटं कुणाकुणाची ते: मी, वहिनी, मावशी. प्रश्न, ऑपरेशन करू का? उत्तर, नाही. आणि त्याखाली तीन अक्षरं: म, र, ड. पुढे तिच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘मुरुड असेल का? वहिनी खूप रडल्या. अर्थ सांगितला नाही.’

अर्थ मला माहीत होता. वाटीबद्दल नाही, पण मुरुडबद्दल आईने शेवटच्या आठवड्यात मला एकटीला सांगितलं होतं. माझ्या जन्माच्या आधी ती दोघं दापोलीकडे मुरुडला राहत. पहिलं बाळंतपण अडलं, पोट फाडून मूल काढावं लागलं, मुलगा गेला आणि आईही जेमतेम वाचली. मांडवीत हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या बाईला नव्हतं, मावशींना नव्हतं, तोवर मलाही नव्हतं. ते दोनच माणसांना माहीत होतं. एक मेलेलं होतं आणि दुसऱ्याचं बोट वाटीवर होतं.

माझे वडील खरंच आले होते असं मानायची माझी तयारी असती, तर मी सुटले असते. पण माझा आत्म्यांवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. सुरीला घाबरली होती ती माझी आई, आणि ‘नाही’ तिनेच स्वतःला दिलं होतं, नकळत, बाबांच्या नावाने. दोन वर्षं मी ज्या बोटावर दात ओठ खात होते ते चुकीचं बोट होतं.

“तुझं ती ऐकेल,” ती बाई म्हणाली. तिने माझे दोन्ही हात धरले होते. “विचार गो बाय, माफ केलान काय मला? झीलाला बोलवू ना मी?”

वाटी मी फिरवली, मुलाला खुशाल बोलवा, एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण वाटी बोटं फिरवतात असं मी म्हटलं असतं, तर तिने ते पान पुन्हा उघडून विचारलं असतं, मग त्या दिवशी वहिनींना ‘नाही’ कुणी सांगितलं? आणि उत्तर मला द्यावं लागलं असतं.

मी वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली.

“आई अजून रागावलेली आहे, काकू,” मी म्हणाले.