खुंटावरची खूण

माझा दादा सुप्याच्या जंगलात फारेस्ट गार्ड होता. एका पावसाळ्यात तो तापाने गेला. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की पेन थांबते, म्हणून आज त्याच्या कामाबद्दलच लिहितो.

नवा गार्ड आला की दादा त्याच्या हाती महिनाभर खुणेची हातोडी देत नसे. आधी आपल्यामागे रान फिरवी. तोडीसाठी निवडलेल्या प्रत्येक सागावर सरकारी हातोडीची खूण दोनदा मारायची, एक छातीइतक्या उंचीवर आणि एक अगदी मुळाशी. वरची खूण ओंडक्याबरोबर निघून जाते. मागे उरतो तो खुंट. झाड हुकुमाने तोडले की चोरून, हे मुळाजवळची खूणच सांगते.

"डोकं बाजारात जातंय, पाय हितंच ऱ्हातात," दादा नव्या माणसाला म्हणे. "सायब येऊन इचारणार ते पायांनाच."

मी त्याच रेंजच्या कचेरीत कारकून होतो. दादा गेल्यावर थोड्याच दिवसांत नवे रेंजरसाहेब आले आणि त्यांनी हे शिकवणे बंद केले. "झाडाला टिळा लावायला शाळा कसली? पगार घेऊन महिनाभर हिंडायला हे काय यात्रेकरू आहेत?" आल्या दिवशीच दोन नव्या गार्डांना हातोड्या मिळाल्या.

तोड संपल्यावर वरचे साहेब तपासणीला आले. एका अख्ख्या टेकडीवरच्या खुंटांवर खूणच नव्हती. रेंजरसाहेबांनी मला बोलावून मजकूर सांगितला: दोन्ही गार्ड चोरांना सामील, कामावरून काढावे. ते दोघे दारातच उभे होते.

"भाऊसाहेब, खुना आमीच मारल्या. खाली बी मारायची, ह्ये कुनी सांगितलंच न्हाई," एक म्हणाला.

"सांगितलं असतं तर मुळं उकरून मारली असती!" दुसरा म्हणाला.

"चोर ते चोर, वर थट्टा!" रेंजरसाहेब ओरडले. "लिही रे."

मी तोवर कधी कुणाला उलट बोललो नव्हतो. पेन खाली ठेवले.

"सामील होते, असं मी लिहिणार नाही. शिकवलं नव्हतं, एवढं लिहीन."

"तू लिहिणारा. ठरवणारा नव्हेस."

"मग दुसरा लिहिणारा शोधा."

सुप्यात दुसरा कारकून नव्हता. मी माझ्या सहीने वरच्या साहेबांना चिठ्ठी लिहिली: या दोघांना शिकवले नव्हते, त्यांना चोर ठरवणे ही लबाडी आहे; काळी नदीच्या पलीकडची आदल्या हंगामातली तोड पाहावी, तिथले गार्ड माझ्या भावाने शिकवलेले आहेत. चिठ्ठी त्यांच्या मुक्कामाच्या बंगल्यावर स्वतः नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी वरचे साहेब नदी उतरून गेले. दुपारपर्यंत खुंटामागून खुंट वाकून पाहत होते. एकही बिनखुणेचा सापडला नाही.

दोन्ही गार्ड कामावर राहिले. माझी बदली झाली. निरोप देताना रेंजरसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, भावाच्या दुःखाने याचं डोकं फिरलं आहे.

दुःख होतेच, आजही आहे. पण आपण शिकवायचे नाही, आणि चूक झाली की माणसाला चोर ठरवायचे, ही लबाडी आहे. हे तेव्हा मी पूर्ण शुद्धीत लिहिले होते. आज पुन्हा लिहितो, आणि खाली सहीही करतो.