इटलीच्या लिंबाचं पान

देवपुरात सहलींची तिकिटं काढून देणारा एक माणूस आहे. इटलीच्या किनाऱ्याच्या चित्रावर बोट ठेवून तो सांगतो, "वर लिंबाची बाग, खाली समुद्र, भाऊ!" स्वतः कधी गेलेला नाही. मी तीच सहल घेताना घासाघीस केली, तर त्यानं न सांगता बोटीची फेरीच कापली. समुद्र मी बसमधून पाहिला.

परतल्यावर भांडायलाच गेलो. फेरी कापल्याचं तोंडावर सुनावलं. तो म्हणाला, "बठ्ठं, सगळंच खरं शे, भाऊ. पण तो समुद्र कसा शे?"

मी खिशातला पासपोर्ट उघडला. बस थांबली तेव्हा खुडून त्यात जपलेलं लिंबाचं पान त्याच्या हातावर ठेवलं. वास केव्हाच उडाला होता. तरी तो डोळे मिटून हुंगत राहिला.

भाजीवर कोथिंबीर मागून घेणारा मी, ते पान मात्र परत मागू शकलो नाही.