पणजोबांच्या नावाचा उमरा

सौदीतल्या यान्बूहून गाडी काढली तेव्हापासून कसं सांगायचं ते मी मनात जुळवत होतो. शेजारी अब्बा तसबीहचे मणी ओढत बसले होते, अगदी खुशीत. ते व्हिजिट व्हिसावर आले होते. स्वतःचा उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, झाला होता. आता दुसरा, त्यांच्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या नावाने करायचा होता. मक्केच्या वाटेवर यात्रेकरूंचा जुहफाचा थांबा लागतो. तिथे आंघोळ करून इहरामची पांढरी कापडं बांधायची आणि उमरा कुणासाठी, त्याची नियत करायची. म्हणजे मला जे सांगायचं ते त्याच्या आधीच सांगायला हवं होतं.

पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत शिपाई. पहिल्या महायुद्धात कोकणातून येमेनमधल्या एडनला गेले ते परत आलेच नाहीत. घरात सगळे त्यांना शहीद म्हणायचे. पण मेल्याची खबर कुणी दिली नाही, म्हणून पणजी विधवेच्या इद्दतीला बसली नाही. मरेपर्यंत तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. अब्बा तिला दादी म्हणत; तिनेच त्यांना वाढवलं, शहिदाचा नातू म्हणून.

पणजोबांचा माग काढायची हौस माझीच. यान्बूच्या रिफायनरीतली नोकरी सांभाळून दक्षिणेकडचा जो भेटेल त्याला मी विचारत सुटायचो. बायको म्हणायची, "तुम्हाला दुसरा उद्योग नाही." मग रिफायनरीच्या शटडाउनमधल्या दुरुस्तीच्या कामाला येमेनच्या सीमेजवळच्या जिझानला गेलो आणि तिथे एक म्हातारा भेटला. त्याच्या घराण्याला गावात 'हिंदी' म्हणतात; आजोबा एडनच्या पलटणीतून निघून आलेला शिपाई. अरबांना पिढ्या तोंडपाठ. त्याने बापापासून वर नावं म्हणायला घेतली, आणि शेवटची दोन पणजोबांची आणि त्यांच्या बापाची निघाली! मी त्याला मिठी मारायला उठलोच होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "आजोबा सांगायचे, हिंदमध्ये माझं कुणीच नाही."

ते वाक्य घेऊन मी महिनाभर घरात चोरासारखा वावरत होतो. अब्बांचं ब्लडप्रेशर, त्यात परक्या मुलखातलं हॉस्पिटल. नको नको ते मनात यायचं.

राबिग मागे पडलं. अब्बा म्हणाले, "दादीला आज किती बरा वाटला असता रे."

जुहफाला गाडी लावली आणि स्टिअरिंगकडे बघत मी सगळं सांगून टाकलं. शेवटचं वाक्यही. अब्बा गाडीतून उतरले. इहरामची पिशवी उचलून आंघोळीला गेले.

खूप वेळ झाला तरी येईनात. आत काही झालं तर? मी धावत दारापर्यंत गेलो, तोच ते दोन पांढऱ्या कापडांत बाहेर आले. डोळे लाल.

"अब्बा, परत जायचं का घरी?"

"परत कशाला? उमरा दादीचा करायचा," ते म्हणाले. "त्याचा त्याची हिकडची पोरा करतील."

आणि तिथेच उभं राहून, मोठ्याने पणजीचं नाव घेऊन त्यांनी नियत केली.