डॉक्टरांची दाढी

आज माझ्या हातात वस्तरा आहे तो वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या मनोविकाराच्या डॉक्टरांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी घाबरतो आणि मुख्य गोष्ट राहून जाते.

मी मराठवाड्यातला. सातवीत शाळा सुटली, काकांच्या हाताखाली दाढी-कटिंग शिकलो आणि कामासाठी वर्ध्याला आलो. इथल्या एका सलूनमध्ये कारागीर आहे. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा फिरवताना मनात आलं, आत्ता हा दाबला तर? माणूस भला, डोळे मिटून पडलेला. माझं त्याच्याशी काही वैर नव्हतं. तरी तो विचार आला, आणि मग प्रत्येक गळ्यावर येऊ लागला. दाढीला बसलेल्यांना मी काहीतरी सबब सांगून वस्तऱ्याऐवजी मशीन मारू लागलो.

"काऊन बे, दाढीवाल्याले मशीन मारून राह्यला?" मालक विचारायचे. माझा हात थरथरताना दिसला तेव्हा त्यांना दारूचा संशय आला. मी तर सुपारीही खात नाही. पण खरं सांगितलं तर काम जाईल, पोलीसही येतील, असं वाटायचं. घरी फोनवर सगळं बरं आहे म्हणायचो. शेवटी मी वाळत चाललोय हे पाहून मालकांनीच मला गाडीवर बसवून या डॉक्टरांकडे नेलं.

राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, एवढाच दवाखाना. कंपाउंडर नाही. डॉक्टर स्वतः दार उघडून हाक मारतात. पहिल्या दोन भेटींत मी फक्त झोप येत नाही एवढंच सांगितलं. त्यांनी घाई केली नाही. तिसऱ्या वेळी खरं बोललो, आणि बोलताना त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"तुले तसं करावंसं वाटते, का तसं होईल म्हणून भेव वाटते?"

भीती वाटते, म्हणालो.

"मंग हा आजार आहे. नको असलेला विचार येते, आन् जितका हाकलशील तितका चिकटते. तू खुनी नाही."

एवढा मोठा झालो असून त्यांच्यासमोर रडलो.

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी गुंगी यायची आणि दुकान सातला उघडायचं, म्हणून त्यांनी गोळीची वेळ बदलली. मग माझ्याकडूनच समजून घेतलं, आमच्यात दाढी शिकवतात कशी. मी सांगितलं, आधी फुग्याला फेस लावून, मग स्वतःच्या गालावर, आणि शेवटी शिकवणारा स्वतः खुर्चीत बसतो. आपणही तसंच करू, म्हणाले. विचार आला तरी त्याच्याशी भांडायचं नाही, हात चालू ठेवायचा, एवढी एकच अट. फुगे मी दवाखान्यात घेऊन जायचो. फुटला की तेच आधी हसायचे.

तोवर डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी मालकांनाही सगळं सांगितलं होतं. तीन महिन्यांनी एका सोमवारी, सलूनला सुट्टी असताना, त्यांनी शटर उघडलं आणि डॉक्टर येऊन खुर्चीत बसले. मान मागे टाकली. गाल नीट झाले. गळ्याशी आलो आणि हात थांबला.

"आला विचार," मी म्हणालो.

"येऊ दे. तू तुयं काम कर."

हनुवटीखाली जरासं कापलंच. रक्ताचा एक थेंब आला. मी वस्तरा ठेवला आणि भिंतीला टेकलो. डॉक्टर तसेच, अर्ध्या तोंडाला फेस.

"तुरटी लाव. अर्ध्या दाढीनं घरी पाठवतं का मले?"

मालक मागून हसले. मी तुरटी लावली आणि उरलेली दाढी पूर्ण केली. पुसून झाल्यावर त्यांनी आरशात दोन्ही गाल पाहिले आणि चांगली झाली म्हणाले.

आता दाढीला बसलेल्या कोणालाही मी टाळत नाही. तो विचार अजून कधीमधी येतो, आणि मी काम करत राहतो. गोळीही चालू आहे.

डॉक्टर, तुम्ही म्हातारे व्हाल, तुमचाही हात थरथरेल, सलूनपर्यंत येणं जमणार नाही. तेव्हा मी जिथं असेन तिथून तुमच्या घरी येईन आणि तुमची दाढी करीन. तुम्ही फक्त मान मागे टाका.